पन्नास मीटर

शासन निर्णय सोमवारी आला, चार पानी.
संदर्भ एक ते सात, मग 'उपरोक्त विषयास अनुसरून',
आणि तिसऱ्या पानावर मुद्द्याचं:
पहिली ते पाचवी, दररोज एक तास,
शारीरिक शिक्षण, सक्तीचं.
गावित सरांनी मोठ्यानं वाचला
आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं,
कारण या शाळेतला चोर त्यांना ठाऊक होता.

अकरा वर्षं मीच उचलत आले पीटीचा तास.
भागाकार मागे पडलाय, म्हणायचे,
आणि शुक्रवारची शेवटची पस्तीस मिनिटं
उरलेल्या खडूसारखी पर्समध्ये टाकायचे.
पोरं हूं की चूं न करता वह्या काढायची.
हूं की चूं न करता.
हे आता लिहिताना टोचतं.

शाळा आमची दिघ्यात, डोंगराच्या पायथ्याशी,
वर बंद पडलेली खाण.
मैदान आहे. नकाशात आहे, हिरवा चौकोन.
त्या चौकोनात हायटेन्शनच्या टॉवरचे चार पाय,
मंडपवाल्याचे बांबू, तीन टेम्पो,
आणि एका टेम्पोखाली व्यालेली कुत्री.

साहित्य मात्र आलं.
उड्या मारायच्या दोऱ्या बारा, केशरी शंकू, एक शिट्टी.
शिट्टी सरांनी कपाटात ठेवली,
हरवेल म्हणून.

तक्त्यात रकाना: पन्नास मीटर धाव, सेकंद.
सरळ पन्नास मीटर आणायचे कुठून?
शिवणाची टेप घेऊन व्हरांडा मोजला,
उकिडवं बसत, गुडघ्यांचं बोलणं खात:
सतरा.
चौथीच्या वर्गाला विचारलं, आता काय?
समद म्हणाला, सतरा त्रिक एक्कावन्न.
रेणुका धोत्रे म्हणाली, म्हणजे दोनदा वळायचं
आणि शेवटी भिंतीच्या अलीकडे एक मीटर
खडूची रेघ मारायची.
अकरा वर्षांत इतका चांगला गणिताचा तास
झाला नव्हता माझा.

मग रोज. भिंतीवर तळवा, थप्, आणि उलट.
महिन्याभरात दोन्हीकडच्या भिंतींवर
मुलांच्या खांद्याइतक्या उंचीला
तळव्यांचा काळपट पट्टा उमटला.
खालच्या मजल्यावर चहात पोपडे पडतात
अशी लेखी तक्रार आली. फाइलला लावली.

रेणुकाचं वळणं बघत राहावं असं.
तिचा आजा वरच्या खाणीत सुरुंगाची वात पेटवून
पळायचा म्हणे, तेच पायात उतरलं असेल.
नसेलही.
मला पायातलं काय कळतं?

जानेवारीत नेरूळला स्पर्धा.
मैदान, खरंखुरं, चुन्याच्या रेषा, मांडव, सरबत.
आठ मुली. शिट्टी झाली.
रेणुका पुढे, सगळ्यांच्या पुढे,
आणि सतराव्या मीटरला
तिनं हात लांब केला, हवेवर थप् मारली
आणि वळली.
समोरून सात मुली येत होत्या.

मांडवात हशा पिकला. मोबाइल निघाले.
ती पहिल्या रेषेपर्यंत परत आली,
तिथल्याही नसलेल्या भिंतीला तळवा लावला,
पुन्हा वळली, पुन्हा सुटली,
आणि जिथं आमची खडूची रेघ असते
नेमकी तिथं थांबली, कमरेवर हात ठेवून.
सतरा, सतरा, सोळा.
मांडवात ही बेरीज येणारी मी एकटीच.
माझ्या मोबाइलवर वेळ चालू होती.
ती मी तेव्हा थांबवली.

पंचांनी तिच्या नावापुढे 'बाद' लिहिलं.
माझ्या तक्त्यात मी सेकंद लिहिले.
शेऱ्याचा रकाना अर्ध्या इंचाचा,
'दोन वळणांसह' एवढंच मावलं.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी,
तुर्भे गेलं, कोपरखैरणे गेलं, गप्प.
रबाळ्याच्या सिग्नलला म्हणाली,
'बाई, तिथं भिंत नव्हतीच?'
नव्हती गं.
'मग आधी सांगायचं ना.
मी थांबलेच नसते.'